ग्रँड कॅन्यनमध्ये पहिल्यांदा उतरताना: पाण्यावरून आखायची वाट

आधी चढून गडावर जायचं, टाक्याजवळ बसून शिदोरी सोडायची आणि मग गुडघे सांभाळत उतरायचं, हा क्रम सह्याद्रीत हिंडणाऱ्यांच्या अंगात मुरलेला असतो. ॲरिझोनातल्या ग्रँड कॅन्यनमध्ये तो उलटा होतो. गाडी दरीच्या काठावर लागते, ताज्या पायांनी उतार झटकन संपतो आणि दमल्यावर, तेही दुपारच्या उन्हात, चढ समोर उभा राहतो. सह्याद्रीत जीव थकला तर अर्ध्यातून खाली वळता येतं. इथे वर येण्यावाचून सुटका नसते. दरवर्षी शेकडो लोकांना या दरीतून मदत करून बाहेर काढावं लागतं आणि त्यांत धडधाकट तरुण पुष्कळ असतात.

अमेरिकेत नोकरीला असलेल्या, मुलांकडे आलेल्या किंवा मुद्दाम तिकडे निघालेल्या ज्या मराठी माणसांना काठावर फोटो काढून परतायचं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. पहिल्या खेपेला तळातल्या कोलोरॅडो नदीपर्यंत जायचा हट्ट सोडा. माझ्या मते नवख्याने पाहावं असं तिथलं आश्चर्य म्हणजे कोरड्याठाक कड्यातून फुटणारे झरे. कुठली वाट धरायची, कुठे बसायचं, कुठून मागे फिरायचं, हे सगळं झऱ्यांवरून ठरवता येतं, आणि असा बेत सहसा चुकत नाही.

१. आधी महिना, मग तिकीट

एप्रिल आणि ऑक्टोबर हे नवख्यांचे महिने. उन्हाळ्यात दक्षिण काठावर, म्हणजे सुमारे २,१०० मीटर उंचीवर, हवा सुखद असते आणि तिथेच माणूस फसतो. दर ३०० मीटर उतरलं की तापमान साधारण ३ अंश सेल्सिअसने वाढतं. जून-जुलैत तळाशी सावलीतसुद्धा पारा ४० च्या वर जातो. जुलै ते सप्टेंबर तिथलाही पावसाळा. दुपारी ढग फुटतात, वीज पडते, आणि दूर कुठेतरी झालेल्या पावसाचा लोंढा कोरड्या ओढ्यातून अचानक येतो. हिवाळ्यात दृश्य देखणं असतं, पण वाटेच्या वरच्या टप्प्यात बर्फ घट्ट होतो. बुटांना अडकवायचे खिळे, तिकडे मायक्रोस्पाइक्स म्हणतात, घेतल्याशिवाय तेव्हा उतरू नये.

दक्षिण काठ वर्षभर उघडा असतो. उत्तर काठावर बर्फ फार पडतो, त्यामुळे तिथल्या सोयी एरवीही साधारण मे ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच चालतात. त्यात जुलै २०२५ मधल्या ड्रॅगन ब्राव्हो वणव्यात तिथलं जुनं ग्रँड कॅन्यन लॉज जळून गेलं. तिकडचा बेत असेल तर नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर आधी चौकशी करा.

प्रवेशाचं शुल्क खासगी गाडीमागे ३५ डॉलर, सात दिवस चालतं. २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या, १६ वर्षांवरच्या पाहुण्यांना इथे माणशी १०० डॉलर जादा पडतात. आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी हा खर्च धरून ठेवावा. दिवसाच्या चालीला वेगळा परवाना लागत नाही, दरीत मुक्काम करायचा तर लागतो. लास व्हेगासहून गाडीने येणार असाल तर घड्याळाकडे लक्ष असू द्या: ॲरिझोनाचा बहुतेक भाग उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, त्यामुळे हिवाळ्यात दोन्हीकडच्या वेळेत एक तासाचा फरक पडतो.

२. आदल्या संध्याकाळी कडा वाचा

पोचल्यावर पहिली संध्याकाळ यावापाई पॉइंटवर घालवा. तिथलं भूशास्त्राचं छोटं संग्रहालय बघाच, पण त्याहून महत्त्वाची आहे तिथून ग्रँड कॅन्यन व्हिलेज या वस्तीकडे जाणारी काठावरची पायवाट. या वाटेवर एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं असा काळ आखलेला आहे. सह्याद्रीचा काळा दगड ज्या लाव्हाचा, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. म्हणजे इथे निघाल्यापासून शंभरेक पावलांत सह्याद्री मागे पडतो! तुम्ही ज्यावर उभे असता तो कायबाब चुनखडक सुमारे २७० मीटरवर येतो, आणि नदीकाठचा विष्णू शिस्ट नावाचा काळपट खडक पार दीड किलोमीटरच्या पुढे.

मग समोरच्या भिंतीत थर ओळखा. सगळे पाठ करायची गरज नाही, पाण्यासाठी चार-पाच पुरेत. वर फिक्कट कायबाब. त्याखाली थोड्या अंतराने कोकोनिनो वालुकाश्माचा पांढरट, उभा पट्टा. ही कधीकाळच्या वाळवंटातली वाळू आहे. मग लाल मातीचे पायऱ्यापायऱ्यांचे उतार. त्याखाली दीडशे मीटरच्या आसपास उंचीची सरळ तांबडी भिंत दिसते, ती रेडवॉल. तिचा मूळ दगड करडा आहे. वरच्या थरांतून ओघळलेल्या लोहाने ती रंगली आहे. रेडवॉलच्या पायथ्याशी म्युआव नावाचा दुसरा चुनखडक, आणि त्याखाली हिरवट छटेची, हलक्या उताराची ब्राइट एंजल शेल.

सगळी गोम या शेवटच्या जोडीत आहे. काठावरचा पाऊस आणि बर्फ भेगांतून खाली झिरपत जातो. रेडवॉल आणि म्युआव हे चुनखडक, पाण्याने विरघळून आतून पोखरलेले, त्यामुळे त्यांतून पाणी सहज वाहतं. शेल म्हणजे घट्ट चिखलाचा दगड, तो पाण्याला वाट देत नाही. अडलेलं पाणी आडवं सरकतं आणि जिथे दरीने थर कापला आहे तिथे बाहेर पडतं. म्हणून दरीतले मोठे झरे बहुतेक याच पातळीला सापडतात. शेल झिजून जो रुंद, सपाटसा टप्पा उरला आहे त्याला टोंटो प्लॅटफॉर्म म्हणतात. आपण ज्याला डोंगराचा पदर म्हणतो, तेच. संध्याकाळच्या उन्हात त्या पदरावर एक गडद हिरवा ठिपका दिसतो. ती कॉटनवूडची झाडं आहेत, त्यांच्या मुळाशी पाणी आहे, आणि उद्या तुम्हाला तिथेच जायचं आहे.

थर दक्षिणेकडे किंचित कललेले आहेत आणि उत्तरेचं पठार जास्त उंच आहे. म्हणून उत्तरेचं बर्फाचं पाणी दरीकडे येतं, तर दक्षिण काठावरचा पाऊस बराचसा दरीला पाठ फिरवून जातो. दक्षिणेचे झरे लहान का आणि उत्तरेचे गर्जणारे का, याचं उत्तर एवढंच.

पलीकडे सुळके दिसतील त्यांची नावं ऐकून आपली माणसं चपापतात: ब्रह्मा टेंपल, देवा टेंपल, शिवा टेंपल, पूर्वेकडे विष्णू टेंपल. शेजारी झोरोआस्टर आणि बुद्धही आहेत. १८८०च्या सुमारास इथे काम करणाऱ्या क्लॅरेन्स डटन या भूशास्त्रज्ञाने ही पौर्वात्य नावं द्यायची रीत पाडली. देऊळ वगैरे तिथे काही नाही, शोधायला जाऊ नका. पण दिशा धरायला हे सुळके फार कामाचे. ब्रह्मा आणि झोरोआस्टर एकदा ओळखीचे झाले की उत्तर कुठे ते वाटेवर कुठूनही कळतं.

३. वाट: पहिल्यांदा ब्राइट एंजल

दक्षिण काठावरून तळाला जाणाऱ्या दोन राखलेल्या वाटा आहेत. साउथ कायबाब सोंडेवरून उतरते, दोन्हीकडे दरी मोकळी दिसते, आणि पाणी थेंबभरही नाही. ब्राइट एंजल दोन कड्यांच्या बेचक्यातून उतरते, देखावा थोडा कमी, पण सावली आहे, नळ आहेत, झरा आहे. नवख्याने दुसरी घ्यावी. फोटोंसाठी साउथ कायबाबवर पहाटे सीडर रिजपर्यंत, म्हणजे अडीच किलोमीटरच्या आसपास, जाऊन या आणि पुरे करा.

ब्राइट एंजल तिथूनच का उतरते, हेही पाहण्यासारखं. रेडवॉलची भिंत बहुतेक ठिकाणी अभेद्य आहे. इथे एक प्रस्तरभंग, म्हणजे खडकातली सरकलेली मोठी भेग, गेला आहे, त्याने कडा मोडला आणि दगडांचा उतार तयार झाला. दोन्ही बाजूंचे पट्टे एका पातळीत जुळत नाहीत, हे उतरताना सहज दिसतं. जनावरं आणि माणसं हजारो वर्षं याच मोडलेल्या जागेतून ये-जा करत आली.

४. पाण्याचा हिशेब

चालताना तासाला अर्धा ते एक लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात जास्तच. दिवसाच्या चालीला माणशी तीन लिटरची सोय हवी. वाटेवर दीड मैल आणि तीन मैलांच्या विसाव्यांवर नळ आहेत, पण ते हिवाळ्यात बंद करतात. खाली हवासुपाई गार्डन्सला, म्हणजे आदल्या संध्याकाळी पाहिलेल्या हिरव्या ठिपक्यापाशी, एरवी वर्षभर पाणी असतं.

या ‘एरवी’वर विसंबू नका. दक्षिण काठावरच्या हॉटेलांपासून नळापर्यंत सगळं पाणी पलीकडच्या उत्तर भिंतीतल्या रोअरिंग स्प्रिंग्ज या झऱ्यातून येतं. १९६०च्या दशकात घातलेली सुमारे २० किलोमीटरची पाइपलाइन दरीच्या तळातून नदी ओलांडते. ती जुनी झाली आहे आणि सारखी फुटते. ऑगस्ट २०२४ मध्ये ती चार ठिकाणी फुटली तेव्हा दक्षिण काठावरचे मुक्काम बंद करायची वेळ आली होती. ती बदलण्याचं काम २०२३ पासून चालू आहे आणि त्यामुळेही वाटांचे तुकडे आणि नळ मधूनच बंद असतात. निघायच्या सकाळी माहिती केंद्रात ‘कुठले नळ चालू?’ एवढा एक प्रश्न विचाराच. सोबत छोटं फिल्टर किंवा शुद्धीकरणाच्या गोळ्या ठेवा. नळ बंद असला तरी हवासुपाई गार्डन्सचा ओढा असतोच.

नुसतं पाणी ढोसत राहणंही धोक्याचं. घामाबरोबर मीठ जातं, वर पाणीच पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपण अशी लक्षणं दिसतात आणि ती उष्माघातासारखीच वाटतात. उपाय आपल्या डब्यात असतो: खारे शेंगदाणे, चकली, लोणच्याची फोड. इथे गोड चिक्कीपेक्षा हे जास्त उपयोगी.

५. उतरताना दिसणाऱ्या खुणा

उजाडता निघा. पहिल्या बोगद्याच्या आसपास वर कड्याकडे पाहा, तिथे जुन्या रहिवाशांनी गेरूने काढलेली चित्रं आहेत. दुसरा बोगदा ओलांडेपर्यंत पांढरट कोकोनिनो मागे पडत जातो. दीड मैलांचा, म्हणजे २.४ किलोमीटरचा, विसावा काठाच्या ३४० मीटर खाली. कधी चाल न केलेल्या मंडळींनी इथूनच परतावं. परतीचा चढ किती आहे ते मान वर करून बघितलं की पटतं.

तीन मैलांचा विसावा काठापासून सुमारे ६४५ मीटर खाली, रेडवॉलच्या माथ्यालगत. यापुढे जेकब्ज लॅडर नावाची नागमोडी वळणं थेट तांबड्या भिंतीतून उतरतात. हाताने दगड चाचपून पाहा, तुटलेल्या जागी आतला करडा रंग दिसेल. वळणं संपली की उतार मंदावतो, पायाखाली हिरवट माती येते आणि पाण्याचा आवाज ऐकू येतो. म्हणजे आदल्या संध्याकाळी वाचलेला थर आला.

हवासुपाई गार्डन्स काठापासून ७.२ किलोमीटर आणि साधारण ९३० मीटर खाली आहे. कॉटनवूडची गर्द सावली, बाकडी, शौचालयं, आणि शेजारून वाहणारा गार्डन क्रीक. हे पाणी इथल्याच झऱ्यांचं, पाइपातलं नव्हे. हवासुपाई या मूळ जमातीचे लोक इथे मका, घेवडा, भोपळा पिकवत असत. नॅशनल पार्क १९१९ मध्ये झालं आणि त्यांच्यातल्या शेवटच्या रहिवाशाला, कॅप्टन बरो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माणसाला, १९२८ मध्ये इथून हुसकावलं गेलं. पुढची कित्येक दशकं जागेचं नाव ‘इंडियन गार्डन’ होतं. जमातीच्या मागणीवरून ते २०२२ मध्ये बदललं. जुने नकाशे आणि ब्लॉग वाचून जाणाऱ्यांनी दोन्ही नावं लक्षात ठेवावीत.

नवख्याची हद्द इथवर. अंगात जोर असेल, हवा गार असेल आणि घड्याळात नऊ वाजायचे असतील, तर आणखी अडीच किलोमीटरवरच्या प्लॅटो पॉइंटला जा. पदरावरची सपाट वाट आहे, सावली अजिबात नाही, पण टोकाशी चारेकशे मीटर खाली कोलोरॅडो नदी आणि काळी आतली घळ एकदम उघडते. तिथे पाण्याचा नळ आहे, पण तो बेभरवशाचा.

६. वर येताना

उतरायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरा. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार चढूच नका, ओढ्याकाठी सावलीत पडून राहा. शर्ट आणि टोपी ओढ्यात भिजवून अंगावर चढवली की हवा कोरडी असल्याने चांगला गारवा मिळतो. मुंबईच्या दमट हवेत याची कल्पना येत नाही. बोलता येईल इतक्याच वेगाने चाला. बोलताना धाप लागली तर वेग कमी करा, सोबतची मंडळी काय म्हणतील याचा विचार नको.

खेचरांचा तांडा समोरून आला तर हाकणारा सांगेल त्या बाजूला, शक्यतो दरीच्या नव्हे, भिंतीच्या अंगाला, निमूट उभे राहा. विसाव्यावर खारी जवळ येतील. त्यांना खाऊ घालू नका. या दरीत लोकांना सगळ्यात जास्त चावण्याचा मान त्यांचाच आहे.

७. झऱ्याशी रीत

वाळवंटातल्या झऱ्यावर भोवतालचं सगळं जगतं. ओल्या कड्यावर शेवाळ आणि आपल्याकडच्या हंसराजाच्या जातीचं नेचं लोंबत असतं. त्यावर पाय देऊ नका, ते पुन्हा उगवायला वर्षं लागतात. साबण, शॅम्पू, भांडी घासणं पाण्यात नको. दिशेला जायचं ते पाण्यापासून निदान ६० मीटर दूर. मुक्काम असेल तर झऱ्याला चिकटून बसू नका, रात्री प्राणी तिथे येतात.

आणि पाणी स्वच्छ दिसलं म्हणून तसंच तोंडाला लावू नका. चुनखडकातल्या भेगांतून ते वेगाने येतं, मातीतून गाळून नाही. हॉर्न क्रीकची गोष्ट तर निराळीच. ब्राइट एंजलच्या पश्चिमेला पदरावरच्या वाटेने गेलं की हा ओढा लागतो. वर जुनी युरेनियमची खाण होती, आणि पाण्यात युरेनियम उतरलेलं आहे. उकळून किंवा साध्या फिल्टरने ते जात नाही. तहानेने मरायची वेळ आली असेल तरच प्या, असं पार्कवालेच सांगतात.

८. पुढच्या खेपेचे झरे

एकदा हवासुपाई गार्डन्स पायाखालून गेलं की हर्मिट वाटेचा विचार करा. ती राखलेली नाही, दगड सुटे आहेत, माणसं कमी. सुमारे चार किलोमीटरवर दगडी आडोशाशेजारी सांता मारिया झरा थेंबथेंब गळतो. दुसऱ्या फाट्याने साडेपाच किलोमीटरच्या आसपास ड्रिपिंग स्प्रिंग्ज आहे. हा झरा वरच्या पातळीचा: कोकोनिनोतून झिरपलेलं पाणी त्याखालच्या लाल हर्मिट शेलवर अडतं आणि कपारीच्या छतातून नेच्यांवरून ठिबकतं. तत्त्व तेच, फक्त थर वेगळे. दोन्हीकडचं पाणी शुद्ध करून प्या.

उत्तर काठाची वाट खुली असेल तेव्हा नॉर्थ कायबाबने रोअरिंग स्प्रिंग्ज पाहा. साडेसात किलोमीटर, ९३० मीटर उतार. कड्याच्या मधोमध दगडातून पाणी असं उसळतं की दिसायच्या आधी ऐकू येतं. त्याच वाटेने खूप खाली रिबन फॉल्स आहे. त्याच्या पाण्यातल्या चुन्याने धबधब्याखाली शेवाळाने मढलेला मोठा उंचवटा बांधला आहे. झुनी या मूळ जमातीच्या लोकांच्या मते त्यांचे पूर्वज इथूनच या जगात आले. लिटल कोलोरॅडोच्या घळीतला एक झरा होपी लोकांसाठी असाच उगमाचा आहे. तो पर्यटकांनी शोधायचा नाही.

थंडर रिव्हर हा अनुभवी माणसांचा बेत. चुनखडकाच्या कड्यातून धबधब्यासारखी सुटलेली ही नदी जेमतेम एक किलोमीटर वाहून टॅपिट्स क्रीकला मिळते. नदी ओढ्याला मिळते, हा उलटा प्रकार दुसरीकडे क्वचितच असेल. तिथवर जायला मुक्कामाचा परवाना आणि कडक उन्हातला लांब कोरडा टप्पा ओलांडायची तयारी हवी.

राहिलं हवासू, फोटोंमुळे सगळ्यात प्रसिद्ध झालेलं निळं-हिरवं पाणी. तो रंग पाण्यात विरघळलेल्या चुन्यामुळे आहे, आणि तिथले बांधही त्याच चुन्याचे. ही जागा पार्कची नाही, हवासुपाई जमातीच्या मालकीची आहे. एका दिवसात जाऊन यायला परवानगीच नाही. जमातीकडून आधी मुक्कामाचं आरक्षण घ्यावं लागतं. काठापासून सुपाई गाव सुमारे १३ किलोमीटर, मुक्कामाचा तळ त्याच्याही पुढे तीनेक किलोमीटर. गावची टपालसेवा आजही खेचरांवरून चालते. आरक्षण जमातीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा, आणि ज्याच्या नावावर ते आहे तो माणूस सोबत हवाच, त्याच्याशिवाय बाकीच्यांना पुढे सोडत नाहीत.